किती बोअरची घ्यावी?

ठासणीच्या बंदुकीने शिकार करायची असे ठरवलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो: किती बोअरची घ्यावी? पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या क्लबात नवशिके मला तो विचारतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच तयार असते. मोठी नळी, म्हणजे जास्त छर्रे. जास्त छर्रे, म्हणजे लांबचा पल्ला. इतक्या वर्षांत मी १०, १२, १६ आणि २० अशा चारही बोअरच्या बंदुका भरल्या, खांद्यावर वागवल्या, धुतल्या. त्यातून माझे उत्तर ठाम झाले आहे. कोणता पक्षी, किती अंतरावरून आणि दिवसभरात किती चालून, हे तीन प्रश्न आधी सोडवावेत; बोअर त्यातून आपोआप ठरते. लांबचे मारता यावे म्हणून जो बोअर निवडतो, त्याच्या हातून पक्षी जखमी होतात आणि कुठेतरी झुडपात जाऊन मरतात. मला ते सहन होत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझे आजोबा सिंधुदुर्गातले. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आले की रानडुकरे उतरत आणि आजोबा माळ्यावर रात्र काढत. त्यांचे बहुतेक बार नुसत्या दारूचे असत. आवाजाने कळप उधळला की काम झाले. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागल्यावर परत यायची. तिची बोअर किती, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. पण ती कुठवर काम करते हे आजोबांना नेमके माहीत होते. बांधावरच्या आंब्यापलीकडे जनावर असेल तर ते बंदूक उचलतच नसत. बार काढण्याआधी एकच वाक्य म्हणत, "मागे कोण आसा तां आधी बघ." १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात हौसेच्या शिकारीला जागा उरली नाही, आणि ते योग्यच झाले असे मी मानतो. मी शिकार शिकलो ती अमेरिकेत आल्यावर; सक्तीचा प्रशिक्षण वर्ग पुरा करून, परवाना काढून, नारिंगी जाकीट घालून. पण ठासणीच्या बंदुकीची ओढ मात्र घरून आलेली.

बोअरचे गणित जुने आहे. एक पौंड शिशाच्या एकसारख्या गोळ्या पाडायच्या. त्यातली एक गोळी नळीत बरोबर बसली पाहिजे. अशा जितक्या गोळ्या पडतील तितकी त्या नळीची बोअर. अमेरिकेत तिलाच गेज म्हणतात. म्हणून आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. १० बोअरच्या नळीचा व्यास १९.७ मिलिमीटर, १२ चा १८.५, १६ चा १६.८ आणि २० चा १५.६. सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक यांच्यात जेमतेम चार मिलिमीटरचे अंतर. एवढ्याशा फरकावर लोक तासन्‌तास वाद घालतात. तो वाद निरर्थक नाही, फक्त चुकीच्या टोकाने सुरू होतो.

काडतुसाच्या बंदुकीत भरणी कारखान्यातून ठरून येते. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बाराचे काडतूस आपण स्वतः नळीत बांधत असतो. आधी दारू, तिच्यावर जाड पुठ्ठ्याची चकती, मग चरबी लावलेली नमद्याची गादी, त्यावर छर्रे आणि शेवटी छर्रे सांडू नयेत म्हणून पातळ चकती. दारू आणि छर्रे यांचे आकारमान सारखे ठेवणे ही सुरुवातीची जुनी रीत. ज्या मापात एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम छर्रे मावतात, त्याच मापाने दारू घेतली तर ती सुमारे ७५ ग्रेन भरते. १२ बोअरमध्ये मी तिथूनच सुरुवात केली आणि आजही बहुतेक शिकारीला फारसा पुढे जात नाही.

इथे बोअरचा खरा अर्थ लागतो. जाड नळीत हलकी भरणी चांगली चालते. बारीक नळीत जड भरणी कोंबली की छर्ऱ्यांचा थर उंच होतो, खालचे छर्रे दाबाने आणि नळीच्या घर्षणाने चेपतात आणि वेडेवाकडे उडतात. १२ बोअरमधून खारीसाठी पाऊण औंस टाकता येतो आणि टर्कीसाठी सव्वा औंसही. २० बोअरमधून पाऊण औंस सुंदर जातो, पण सव्वा औंसाच्या नादाला लागू नये. म्हणजे बोअर सांगते ती चांगल्या भरणीची वरची मर्यादा. पल्ला तिच्यात लिहिलेला नसतो.

तो कागदावर दिसतो. मोठा कागद ताणून लावायचा, त्यावर बार काढायचा, जिथे छर्रे दाट बसले त्याभोवती ३० इंच व्यासाचे वर्तुळ आखायचे आणि आतली भोके मोजायची. बंदूककारांची रूढ चाचणी ४० यार्डांवरची. चोक नसलेली, म्हणजे तोंडाशी न आवळलेली सरळ नळी त्या अंतरावर साधारण ४० टक्के छर्रे वर्तुळात टाकते. ठासणीच्या बहुतेक बंदुकांची नळी अशीच सरळ असते, कारण चकत्या तोंडाकडून आत ढकलायच्या असतात. तोंड आवळलेले असेल तर तिथून गेलेली चकती आत सैल पडते. सव्वा औंसापेक्षा किंचित कमी, म्हणजे एक औंस आणि वर एक अष्टमांश औंस, ६ नंबरचे छर्रे घेतले तर ते सुमारे अडीचशे होतात. त्यातले शंभरेक ४० यार्डांवर वर्तुळात लागतात. शंभर हा आकडा ऐकायला भरपूर वाटतो. कागद पाहिला की कळते, मधून अख्खा पक्षी निसटेल असे कोरे तुकडे राहिलेले असतात. तोच बार २५ यार्डांवर काढला की जाळी सलग दिसते.

एक तरुण आमच्याकडे १० बोअरची दुनळी घेऊन आला. फेझंट ४५ यार्डांवरून पाडायचा, हा त्याचा हिशेब होता. मी त्याच्याशी वाद घातला नाही. आम्ही दोघांनी दुपारभर कागद लावले. ४० यार्डांवर त्याच्या बंदुकीचे छर्रे माझ्या १२ बोअरपेक्षा जास्त लागत होते, पण विखुरलेले. त्याने दारू वाढवली, तेव्हा नक्षी आणखी बिघडली आणि मधोमध पोकळी पडू लागली. मग आम्ही उलट गेलो. दारू थोडी कमी केली, छर्रे तेवढेच ठेवले. जाळी भरून आली, आणि त्याच्या बंदुकीचे प्रामाणिक अंतर ३० यार्डांच्या आसपास ठरले. माझ्या १२ बोअरचेही तेवढेच आहे. त्या दुपारनंतर तो साडेतीन किलोंचे ओझे कशासाठी वाहतो आहे, हा प्रश्न त्याने स्वतःच विचारला. मलाही त्या दिवसापासून सवय लागली: कुणी बोअरचा सल्ला मागितला की मी आधी कागद आणायला सांगतो.

१० बोअरला तिची जागा आहे. पाणथळीवर एका जागी बसून बदकांची वाट पाहणाऱ्याला वजन जाणवत नाही, आणि मोठ्या आकाराचे छर्रे पुरेशा संख्येने टाकायचे तर जाड नळी उपयोगी पडते. अमेरिकेत बदके आणि इतर स्थलांतरी पक्ष्यांसाठी १० पेक्षा मोठी बोअर कायद्याने चालत नाही. शिवाय १९९१पासून देशभर पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरायला बंदी आहे, कारण तळाशी साचलेले शिसे पक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. पोलादी छर्रे जुन्या मऊ नळ्यांना ओरबाडतात, म्हणून ठासणीवाल्यांना बिस्मथ परवडवून घ्यावे लागते. ते शिशापेक्षा हलके असते, त्यामुळे छर्ऱ्याचा आकार एक पायरी मोठा घ्यायचा. हा सगळा हिशेब बोअर निवडण्यापूर्वी करायचा असतो, बंदूक घरी आल्यावर नाही.

चालण्याचा धडा मला ग्राउजने दिला. रफ्ड ग्राउज हा पेनसिल्व्हेनियाचा राज्यपक्षी. तोडीनंतर नव्याने वाढलेल्या दाट रानात, काटेरी जाळ्यांत तो राहतो. पायाजवळून असा धडधडत उठतो की छातीत धस्स होते, आणि दोन झाडांच्या आड दिसेनासा होतो. बार काढायचा तो १५-२० यार्डांवर, तोही क्षणभरात. त्या रानात दिवसभर चढउतार केल्यावर बंदुकीचे प्रत्येक शंभर ग्रॅम खांद्याला कळतात. तिथे २० बोअरची हलकी दुनळी, साडेसात नंबरचे पाऊण औंस छर्रे, एवढे पुरते. त्या पाऊण औंसात अडीचशेहून थोडे जास्त छर्रे असतात आणि इतक्या जवळून सरळ नळीच हवी. मी २० बोअर खांद्याला लावायला लागलो तेव्हा कळले की बंदूक वेळेवर वर येणे हे तिच्यात किती छर्रे आहेत त्यापेक्षा महत्त्वाचे आहे. अलीकडे ग्राउजची संख्या फार घटली. रान म्हातारे होत चालले आहे आणि वेस्ट नाईल विषाणूनेही त्यांना मारले. त्यामुळे आता कित्येकदा मी त्या रानात बंदूक न भरताच चालतो. ज्या पक्ष्याने शिकवले त्याचे एवढे देणे लागतो.

टर्कीचा हिशेब अगदी उलटा. वसंतात पहाटे झाडाच्या बुंध्याला टेकून बसायचे, मादीचा आवाज काढायचा आणि नराची वाट पाहायची. चालणे नाही, उडता बार नाही. नेम धरायचा तो डोके आणि मान एवढ्याच जागी, म्हणून जाळी घट्ट हवी. इथे माझी १२ बोअरची एकनळी उपयोगी पडते. एका वृद्ध बंदूककाराने तिच्या तोंडापासून थोडे आत, काही इंचांपर्यंत, नळी घागरीच्या पोटासारखी किंचित रुंद केली आहे. तोंड मात्र मूळच्या मापाचेच. चकत्या सहज आत जातात आणि बाहेर पडताना छर्रे आवळले जातात. सव्वा औंस भरणीने ती ३० यार्डांपर्यंत खात्रीने काम करते. तरीही मी बसण्यापूर्वी २५ पावलांवर एक फांदी रोवतो. एकदा दांडगा नर त्या फांदीच्या पलीकडे पंखा पसरून बराच वेळ मिरवला आणि शेवटी उतरणीला लागला. माझ्याबरोबर तोच वृद्ध बंदूककार होता. त्याच्याकडे २० बोअर होती आणि त्याने आपली फांदी १८ पावलांवर रोवली होती. दोघांपैकी कुणीही घोडा चढवला नाही. मोठ्या बोअरवाल्याने लांबची आणि लहान बोअरवाल्याने जवळची फांदी रोवायची, एवढाच दोघांत फरक. फांदीचा मान राखणे दोघांनाही सारखेच.

वजनाबद्दल एक जुना ठोकताळा मला फार कामाचा वाटतो. बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांचा 'द गन अँड इट्स डेव्हलपमेंट' हा ग्रंथ १८८१मध्ये निघाला. बंदूक तिच्यातल्या छर्ऱ्यांच्या ९६ पट वजनाची असावी, हा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. एक औंसाला सहा पौंड, म्हणजे सुमारे २.७ किलो, सव्वा औंसाला साडेसात पौंड, म्हणजे ३.४ किलो. त्याहून हलकी बंदूक खांद्याला मारते, जड बंदूक नाहक थकवते. आमच्या क्लबातल्या एक निवृत्त परिचारिका अंगाने बारीक आहेत. त्यांना सगळ्यांनी १२ बोअर सुचवली होती. ती घेऊन त्या शेताशेतातून फेझंटमागे चालत, पण दुपारनंतर त्यांचे बार मागे पडू लागत, कारण हात थकलेले असत. त्यांच्यासाठी आम्ही १६ बोअरची जुनी इंग्लिश दुनळी शोधली. १६ बोअरच्या शिशाच्या गोळीचे वजन नेमके एक औंस आणि तिची सर्वांत गोड भरणीही एक औंसाचीच. बंदूक पावणेतीन किलोंच्या आतबाहेर. फेझंटला एवढे पुरते, आणि चालायला हलके. १६ची अडचण दुसरीच आहे. नव्या बंदुका क्वचित मिळतात आणि चकत्यांसाठी शोधाशोध करावी लागते. जुनी घेतली तर नळी जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय तिच्यात दारू घालू नये. वरून सुरेख दिसणारी दमास्कसची नळी आतून गंजून पातळ झालेली असू शकते.

चकत्यांवरून सांगतो: नळीवर कोरलेल्या आकड्यावर विसंबू नये. जुन्या हातघडणीच्या नळ्या मापाने पुढेमागे असतात. १२ म्हणून विकलेली नळी मोजली तर १३ च्या मापाची निघू शकते. व्हर्नियरने तोंडाचा व्यास मोजून मगच चकत्या मागवाव्यात. सैल चकतीच्या कडेने दारूचा वायू पुढे घुसतो आणि जाळी फाटते. मग दोष बोअरला दिला जातो.

बोअर कोणतीही असो, भरण्याची शिस्त तीच. दुनळीची एक नळी उडाली आणि दुसरी भरलेली असली, तर पुन्हा भरण्याआधी भरलेल्या नळीवरची, बार पेटवणारी टोपी काढलीच पाहिजे. दारू डब्यातून थेट नळीत ओतायची नाही. वेगळ्या मापात घेऊन ओतायची, म्हणजे नळीत विस्तवाची ठिणगी उरली असली तरी डबा हातात फुटत नाही. एका नळीचे बार सलग काढले तर धक्क्याने दुसऱ्या नळीतली भरणी पुढे सरकते. छर्रे आणि दारू यांच्यात पोकळी राहिली की नळी फाटू शकते, म्हणून गज घालून ती पुन्हा दाबून पाहायची. गजावर दोन खुणा कराव्यात, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची. बोलताबोलता एकाच नळीत दोनदा दारू जाण्याचा धोका त्या खुणांनी टळतो. भरताना मी कुणाशी बोलत नाही.

चकमकीची की टोपीची, हाही प्रश्न बोअरबरोबरच येतो. अलेक्झांडर फोर्सिथ हे स्कॉटलंडमधले धर्मोपदेशक. चकमकीचा उजेड पाहून पक्षी सावध होतात, या अनुभवातून त्यांनी आघाताने पेटणारी दारू बंदुकीला जोडली आणि १८०७मध्ये तिचे पेटंट घेतले. टोपीची बंदूक पुढे त्यातूनच आली. उडत्या पक्ष्यावर चकमक वापरता येते, मी वापरतोही; पण चाप ओढल्यापासून बार निघेपर्यंतचा विलंब अंगवळणी पडायला वेळ लागतो. नवशिक्याने टोपीचीच घ्यावी.

दारू अजूनही तीच: ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. डेलावेअरमध्ये ब्रँडिवाइन नदीकाठी हॅग्ली इथे १८०२मध्ये सुरू झालेला ड्यू पाँचा दारूचा कारखाना आता संग्रहालय आहे. तिथे फिरताना कळले की एकोणिसाव्या शतकात या कारखान्यांना लागणारा सोरा मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानातून येत असे. १८६१मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर त्याच घराण्यातले लामो ड्यू पाँ तो सोरा विकत घ्यायला लंडनला गेले होते. मी घरी येऊन गरम पाण्याने नळी धुतो, काळे पाणी वाहते, गंधकाचा वास सुटतो, तेव्हा आजोबांचे अंगण आणि हे परसदार यांतले अंतर मला फार वाटत नाही. धुणे टाळता येत नाही. या दारूच्या जळण्यातून निम्म्याहून अधिक भाग घन अवशेष म्हणून उरतो, तो हवेतले पाणी ओढतो आणि रातोरात लोखंड खातो.

जुन्या बंदुकीने शिकार केली की माणूस आपोआप संयमी होतो, असे आमच्यातले काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. याच पेनसिल्व्हेनियाच्या आकाशातून प्रवासी कबुतरांचे थवे तासन्‌तास जात. ते जाळ्यांनी आणि ठासणीच्या बंदुकांनीही मारले गेले, बाजारात विकले गेले, आणि त्या जातीचे शेवटचे कबूतर १९१४मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. संयम बंदुकीत नसतो. तो कायद्याने आणि स्वतः आखून घेतलेल्या अंतराने येतो. १९१८चा स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा आला तो एवढा संहार झाल्यानंतर.

म्हणून विचारणाऱ्याला आता मी असे सांगतो. एकच बंदूक घ्यायची असेल तर १२ बोअरची टोपीची दुनळी घ्या. ती खारीपासून टर्कीपर्यंत सगळे करते, चकत्या सहज मिळतात आणि तिच्यात कमी भरले तरी ती कुरकुरत नाही. दाट रानात दिवसभर चालणार असाल किंवा अंगाने हलके असाल तर २० घ्या, आणि २० यार्डांच्या पलीकडचा पक्षी आपला नाही असे धरून चाला. जुनी चांगली १६ हाती आली आणि तिच्या नळ्या निरोगी निघाल्या तर ती सोडू नका. १० घ्यायची ती पाण्याकाठी बसणाऱ्याने. कोणतीही घेतली तरी पहिला हंगाम उघडण्याआधी १५, २०, २५ आणि ३० यार्डांवर कागद लावा, प्रत्येक अंतरावर अनेक बार काढा आणि जिथे पहिल्यांदा कोरा तुकडा दिसेल त्याच्या पाच यार्ड अलीकडे आपली हद्द मानून घ्या. ती हद्द पाळणार नसाल, तर कोणत्याही बोअरची घेऊ नका.